फाइल उघडते, मजकूर उघडत नाही

क्रुतिदेव नावाच्या फॉण्टात ‘काका’ हा शब्द टाइप करून ठेवलेला असेल, तर त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात काका नसतात. तिथे चार रोमन अक्षरं असतात : डी, के, डी, के. क्रुतिदेवच्या रचनेत डी या रोमन अक्षराच्या घरात ‘क’चं चित्र बसवलेलं आहे आणि के या अक्षराच्या घरात कान्याचं. फॉण्ट संगणकावर आहे तोवर पडद्यावर काका दिसतात, कागदावरही काकाच छापले जातात. फॉण्ट काढून घेतला की काका जातात आणि डीकेडीके उरतं. ‘धर्म’ हा शब्द याच फॉण्टात एक तिरकी रेघ आणि मागोमाग के, ई, झेड अशा चार खुणांचा असतो. मराठीतली कितीतरी पुस्तकं, दिवाळी अंक, परिपत्रकं, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि वकिलांचे दावे अशा वेशांतर केलेल्या अक्षरांत वर्षानुवर्षं पडून आहेत.

एरवी हे कुणाच्या लक्षात येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की येतं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा मोफत पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. घरोघरी, दुकानोदुकानी असे संगणक आहेत की जे उत्तम चालतात, पण या अटीत बसत नाहीत. अशा संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणं हा सरळ मार्ग. पेनड्राइव्हवरून तासाभरात काम होतं, यंत्र पहिल्यापेक्षा हलकं चालू लागतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न सुरू होतात. वर्डऐवजी काय? फोटोशॉपऐवजी काय? कोरलऐवजी? पेजमेकरऐवजी? टॅलीऐवजी?

या प्रश्नांना तयार उत्तरं आहेत. वर्ड आणि एक्सेलच्या जागी लिबरऑफिसचे रायटर आणि कॅल्क, फोटोशॉपच्या जागी गिंप, कोरलड्रॉच्या जागी इंकस्केप, पेजमेकरच्या जागी स्क्रायबस, साध्या ऑटोकॅड नकाशांसाठी लिबरकॅड. दोन रकान्यांची ही यादी खरी आहे, उपयोगाचीही आहे. पण मराठीत काम करणाऱ्याला ती अर्ध्या वाटेवर सोडते, कारण तिच्यात श्रीलिपी, आकृती, क्रुतिदेव या मराठी फॉण्टांसमोरचा रकाना नसतोच. मराठी माणसाने ‘कोणता प्रोग्राम घेऊ’ हे विचारण्याआधी ‘माझा मजकूर कोणत्या संकेतात साठवलेला आहे’ हे विचारायला हवं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. दुसऱ्याला कधी पाच दिवस लागतात.

हा गुंता झाला कसा, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात कुणाचा आळस नव्हता. उलट फार हुशार माणसांनी फार अडचणीच्या परिस्थितीत काढलेले मार्ग होते ते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम सुरू झालं. त्यातून जिस्ट हे तंत्र उभं राहिलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते तिथे आलं आणि वाढलं. जिस्टचं कार्ड डॉसच्या संगणकात बसवलं की इंग्रजीसाठी बनवलेले प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. त्यामागची कल्पना सुरेख होती. ब्राह्मीतून आलेल्या सगळ्या लिप्यांचा सांगाडा एक आहे, मग ‘क’ला एकच क्रमांक द्यावा, तो देवनागरीत दाखवायचा की कानडीत, हे यंत्राने ठरवावं. यातूनच इस्की हा संकेत आला आणि १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाला. इन्स्क्रिप्ट हा कीबोर्डही त्याच घरातला. मराठीचा ‘क’ आणि कानडीचा ‘क’ आजही इन्स्क्रिप्टमध्ये एकाच कळीवर आहेत.

पण छपाईची निकड वेगळी होती. १९८५ साली आलेल्या पेजमेकरने जगभर छापखान्यांची पद्धत बदलली, आणि नव्वदच्या दशकात मराठी छापखान्यांतूनही खिळे जाऊन डीटीपी आलं. पेजमेकरला देवनागरी समजत नव्हती. त्याला फक्त एकामागून एक येणारी चिन्हं समजत. जोडाक्षर म्हणजे काय, वेलांटी कुठे बसते, रफार कुठे चढतो, यातलं काही त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा फॉण्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले : अर्धा त, अर्धा स, कान्याची रेघ, उकार, मात्रा, रफार. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बेंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकची आयएसएम, या साऱ्यांनी मराठीला छापण्याजोगं देखणं वळण दिलं. मात्र कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. एकाच्या घरात जिथे ‘म’, तिथे दुसऱ्याच्या घरात ‘ष्ट’. श्रीलिपीत लावलेला मजकूर आकृतीच्या फॉण्टात उघडला की अक्षरांचा काला होतो, तो म्हणूनच.

जगातल्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेताने देवनागरीला १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच जागा दिली होती, तीही इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून. विंडोजमध्ये ती प्रत्यक्ष आली विंडोज २००० बरोबर. पण तोवर दशकभराचं काम जुन्या संकेतांत साठलं होतं. शिवाय ज्या पेजमेकरवर सारं चाललं होतं, तो युनिकोडला कधीच आला नाही. त्याची शेवटची सातवी आवृत्ती २००१ची. पुढे अडोबीने त्याची वाढ थांबवली, तरी कितीतरी ठिकाणी त्याच्यासाठी एक जुना विंडोज संगणक कोपऱ्यात राखून ठेवलेला आढळतो. त्या संगणकाची हार्डडिस्क हेच त्या छापखान्याचं ग्रंथालय असतं.

या प्रश्नाशी समोरासमोर झुंज दिलेलं एक ठिकाण म्हैसूरला आहे. १७ जुलै १९६९ रोजी तिथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झालं. विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरातल्या या संस्थेकडे नव्वदच्या दशकात सरकारी योजनेतून तयार झालेले भारतीय भाषांचे मोठे मजकूरसंग्रह होते. भाषाभ्यासक त्यांना कॉर्पस म्हणतात. कादंबऱ्या, पाठ्यपुस्तकं, वर्तमानपत्रं यांतून निवडलेली ही पानं. मराठीचा संग्रहही त्यात होता. हे सगळं इस्कीत होतं, आणि जगातले मजकूर तपासणारे नवे प्रोग्राम युनिकोडकडे निघाले होते. २०००च्या सुमारास इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाने एमिल नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि म्हैसूरच्या संस्थेशी हात मिळवला. तिकडच्या अभ्यासकांपुढे दुहेरी अडचण होती. म्हैसूरचा मजकूर निदान एका मानकात तरी होता. भारतीय भाषांच्या वर्तमानपत्रांनी इंटरनेटवर टाकलेला मजकूर मात्र जितकी वर्तमानपत्रं तितक्या संकेतांत होता. अँड्र्यू हार्डी यांनी त्यासाठी युनिकोडिफाय नावाचा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक फॉण्टचा नकाशा एकेका घराचा तपास करून बनवावा लागला. शेवटी चौदा दक्षिण आशियाई भाषांचे नऊ कोटींहून अधिक शब्द युनिकोडमध्ये आले आणि संशोधकांना खुले झाले.

मजकुराचा वेश बदलण्याचं काम संगणकाच्या आधीचंही आहे. म्हैसूर जिल्ह्यातच, तिरुमकुडलु नरसीपूर तालुक्यात, कावेरीकाठी सोसले नावाचं गाव आहे. माध्व संप्रदायातल्या व्यासराज मठाच्या दोन शाखांपैकी एक या गावाच्या नावाने ओळखली जाते, दुसरी कुंदापूरच्या. विजयनगरच्या काळातले व्यासतीर्थ हे या परंपरेचे मोठे आचार्य. १५३९ साली ते गेले. माध्व परंपरेच्या अनेक पोथ्या नंदिनागरी लिपीत लिहिलेल्या आहेत. भाषा संस्कृत, लिपी देवनागरीची सख्खी बहीण. तरी देवनागरी वाचणारा तिच्यापुढे चार शब्दांत अडखळतो. व्यासतीर्थांचं ‘न्यायामृत’ आजचा वाचक देवनागरीत किंवा कानडीत छापलेलं वाचतो. ग्रंथ तोच, शब्द तेच, अक्षरांचा वेश मात्र मधल्या काळात कुणीतरी बसून, अक्षरागणिक बदललेला. नंदिनागरीला युनिकोडमध्ये स्वतःचे क्रमांक मिळाले ते मार्च २०१९मध्ये, बाराव्या आवृत्तीत. तिच्यासाठी नोटो मालिकेतला फॉण्टही आता मोफत मिळतो. म्हणजे ताडपत्रावरची पोथी जशी आहे तशीच, तिच्याच लिपीत, कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर उतरवून ठेवता येते. शतकांपूर्वीच्या लिपीची सोय झाली आणि १९९८ सालच्या दिवाळी अंकाची अजून व्हायची आहे, ही अवस्था मनाला लागते.

आता प्रत्यक्ष काम. जुना फॉण्ट साधा ट्रू-टाइप असेल, तर तो लिनक्सवरही बसवता येतो. फॉण्टची फाइल उचलून घरच्या फोल्डरातल्या फॉण्टांच्या कप्प्यात ठेवली की काका पुन्हा दिसू लागतात. हे दिसणं वाचायला आणि छापायला पुरतं. पण शोधता येत नाही, व्हॉट्सअॅपवर चिकटवता येत नाही, दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. शिवाय त्या फॉण्टात नवं टाइप करण्याची व्यवस्था ही विंडोजसाठी लिहिलेल्या पॅकेजचा भाग असते. कित्येक पॅकेजना संगणकामागे लावायचं डोंगल असे, आणि ते नव्या घरात चालेल याची खात्री नसते. तेव्हा फॉण्ट बसवणं ही तात्पुरती ओसरी. मजकूर युनिकोडमध्ये नेल्याशिवाय घर मिळत नाही.

नेण्यासाठी कन्व्हर्टर असतात. ते काय करतात, हे ठाऊक असलं की ते कुठे चुकतील हेही कळतं. टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी मारत, अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. क्रुतिदेवनेही तोच क्रम ठेवला. ‘कि’ म्हणजे आधी एफ, मग डी. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने जातं : आधी क, मग वेलांटी. ‘स्थिती’मध्ये ही पहिली वेलांटी अर्धा स आणि थ या दोघांना ओलांडून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं नेमकं उलट. ‘धर्म’मध्ये जुन्या संकेतात रफार शेवटी येतो, युनिकोडमध्ये ‘र’ हा ‘म’च्या आधी लागतो. म्हणजे कन्व्हर्टरला घरांचे क्रमांक बदलून भागत नाही, त्याला शब्दात उलटसुलट फिरावं लागतं. शब्दाच्या मध्ये चुकून एखादी मोकळी जागा पडली असेल, ओळ तुटली असेल, किंवा टाइप करणाऱ्याने घाईत वेलांटी दोनदा मारली असेल, की तो भरकटतो.

आणि मग मराठीचा खास ‘ऱ्’. हिंदीसाठी लिहिलेल्या कन्व्हर्टरला तो ओळखीचा नसतो. त्याच्या लेखी ‘र’ला ‘य’ जोडला की रफारच. परिणाम काय होतो ते मठातल्या पंगतीच्या कागदावर पाहावं. ‘आचाऱ्यांना’ शिधा द्यावा असं मूळ फाइलीत असेल, तर कन्व्हर्टरमधून बाहेर पडताना शिधा ‘आचार्यांना’ गेलेला असतो. स्वयंपाकी राहतात बाजूला आणि पीठावरचे स्वामी येतात पुढे. दऱ्यांचा दर्या होतो, सुऱ्याचा सूर्य होता होता राहतो. ‘आचार्यांना’ किंवा ‘दर्या’ शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामला चुकीचा वाटत नाही, कारण मूळ आणि बदललेला, दोन्ही शब्द शुद्धच आहेत. ही चूक मुद्रितशोधकाच्याच डोळ्यांना सापडते. म्हणून मोठी फाइल बदलण्याआधी वीसेक शब्दांचा एक चाचणी-परिच्छेद करून ठेवावा : आचाऱ्यांना, वाऱ्यावर, कऱ्हाड, स्थिती, धर्म, कर्तृत्व, दृष्टी, ज्ञानेश्वर, ॲप, ऑफिस, श्री, ळ असलेले दोन-चार शब्द. तो जुन्या फॉण्टात टाइप करून कन्व्हर्टरमधून काढावा. जो कन्व्हर्टर त्यात नापास, त्याच्या हाती पुस्तक देऊ नये. यातलं ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्येच २००८ साली आलं, पाच-एक या आवृत्तीत. त्याआधीचे कन्व्हर्टर त्याच्या जागी ‘अ’वर चंद्र ठेवून वेळ भागवत.

मजकूर सुटा झाला की बाकीचा प्रवास आश्चर्य वाटावं इतका सोपा होतो. याचं श्रेय काही मराठी हातांना आहे, ते सांगायलाच हवं. र. कृ. जोशी हे सुलेखनकार, कवी आणि आयआयटी मुंबईतले अध्यापक. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं देवनागरी ज्या फॉण्टात दिसली, तो ‘मंगल’ त्यांचा. त्याला नाव दिलं ते त्यांच्या पत्नीचं. मुंबईतल्या एनसीएसटीमध्ये त्यांनी ‘रघु’ हा मुक्त परवान्याचा फॉण्टही केला आणि त्याच संस्थेच्या इंडिक्स प्रकल्पाने लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटवण्याचं सुरुवातीचं काम केलं. लिनक्समध्ये सर्वत्र आढळणारी ‘लोहित’ ही फॉण्टमालिका रेड हॅट कंपनीने मुक्त केली. तिची मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. ज्या कंपनीची श्रीलिपी मागे सोडून माणूस लिनक्सवर येतो, तिचंच अक्षर तिथे त्याच्या स्वागताला उभं असतं! आज याच्या जोडीला मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ आहेत, राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आहे, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ आहे. यातला प्रत्येक फॉण्ट विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींकडे चालतो. छापखान्याला हवं तेवढं वैविध्य अजून नाही, हेही खरं. जाहिरातीच्या कामाला लागणारी शंभर वळणं जुन्या पॅकेजमध्ये मिळत, तेवढी मुक्त फॉण्टांत मिळत नाहीत.

लिनक्सवर टाइप करण्यासाठी आयबस ही व्यवस्था असते. तिच्या यादीत मराठीखाली इन्स्क्रिप्ट मिळतं, आणि एम-सतरा-एन हे पॅकेज घातलं की रेमिंग्टन, फोनेटिक, आयट्रान्स आणि चक्क गमभनही मिळतं. रेमिंग्टनवर वीस वर्षं बोटं बसलेल्या टायपिस्टला इन्स्क्रिप्ट शिकायला लावण्याची सक्ती करू नये. तिला तिचाच कीबोर्ड द्यावा, फक्त कळीमागे रोमन घराऐवजी युनिकोड येऊ द्यावं. तिच्या हाताला फरक कळतही नाही, फाइलीत मात्र काका खरोखर काका होतात. लिबरऑफिसमध्ये आणखी एक बारीक गोष्ट करावी : मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. ज्या फॉण्टात सोय आहे तिथे तेवढ्यानेच ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळण सोडून मराठी वळण घेतात. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठीची जी वर्णमाला ठरवून दिली, तिच्यातला आग्रह इथे एका क्लिकवर पाळला जातो.

पानं लावण्यासाठी स्क्रायबस. हा प्रोग्राम २००१च्या सुमाराचा, पण फार वर्षं तो मराठीच्या कामाचा नव्हता. जोडाक्षरं मोडत असत. ही उणीव भरून काढली ओमानमधल्या एका गटाने. त्यांना हवी होती अरबी, जिची अक्षरं शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतात आणि उजवीकडून डावीकडे चालतात. त्यासाठी त्यांनी स्क्रायबसचं अक्षरजुळणीचं यंत्रच नवं बसवलं, आणि त्याच यंत्रावर देवनागरीही बिनचूक जुळू लागली. १.५ या विकास-आवृत्तीत आलेली ही सोय जानेवारी २०२४मध्ये १.६ या पक्क्या आवृत्तीत सगळ्यांच्या हाती आली. मस्कतमध्ये केलेल्या कष्टांवर आता सांगलीतली स्मरणिका लागू शकते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये असं वारंवार घडतं, आणि त्याची गोडी लागलेली माणसं मग परत फिरत नाहीत.

पेजमेकरच्या जुन्या फाइलींचं काय? २०१४ साली लिबरऑफिसमागच्या संस्थेने बंद पडलेल्या प्रोग्रामांच्या फाइली वाचण्यासाठी एक मोहीम सुरू केली आणि २०१५च्या लिबरऑफिस ४.४पासून ड्रॉमध्ये पेजमेकरच्या फाइली उघडू लागल्या. मांडणी थोडी इकडेतिकडे होते, पण मजकूर बाहेर काढता येतो. तो अर्थातच डीकेडीके भाषेत असतो. तिथून पुढे कन्व्हर्टर आणि चाचणी-परिच्छेद.

हिशेबाचं गणित वेगळं आहे. टॅली बेंगळुरूची, १९८६पासूनची, आणि ती विंडोजसाठीच बनते. वाइन नावाची एक व्यवस्था १९९३पासून विकसित होत आली आहे. ती विंडोजच्या प्रोग्रामांना लिनक्सवर आसरा देते. काही जुन्या आवृत्त्या तिच्यावर चालतात, पण ज्यावर दुकानाचं जीएसटी भरायचं आहे ते अशा आसऱ्यावर ठेवणं धाडसाचं. पर्यायांमध्ये मुंबईत घडलेल्या जीएनयूखाता या मुक्त प्रोग्रामचं नाव घ्यायला हवं. कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रामरच्या पुढाकाराने तो उभा राहिला. हिशेब बदलायचाच असेल तर मुहूर्त १ एप्रिलचा. जुन्या वर्षाच्या अखेरच्या शिलका नव्या वहीत आरंभीच्या म्हणून घ्यायच्या, मागचे व्यवहार जुन्या यंत्रात वाचण्यापुरते ठेवायचे. दहा वर्षांचे व्हाउचर ओढून नेण्याच्या नादात बरेच जण अर्ध्यात थकतात. आणि लेखापाल टॅलीचीच फाइल मागत असेल, तर एक विंडोज संगणक ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही.

कॉलेजांसाठी तर शोधाशोध करून ठेवलेलीच आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प हेच काम करतो : मॅटलॅबऐवजी सायलॅब, रासायनिक प्रक्रियांच्या महागड्या प्रोग्रामऐवजी डीडब्ल्यूसिम, इलेक्ट्रॉनिक मंडलांसाठी ई-सिम. नुसती नावं सांगून ते थांबले नाहीत. प्रसिद्ध पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये पुन्हा सोडवून घेतली, म्हणजे शिक्षकाला आपलं पुस्तक बदलावं लागू नये. त्याच संस्थेत कन्नन मौदगल्य यांनी उभारलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर प्रोग्राम. ऐकायचं, थांबवायचं, करून पाहायचं. तालुक्याच्या गावात शिकवणी नसलेल्या मुलीला लिबरऑफिस शिकायचं असेल, तर याहून चांगली सोय दुसरी नाही.

मोठ्या संस्था हा बदल कसा करतात, याचे दोन दाखले युरोपात आहेत. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने आधी विंडोज तशीच ठेवली आणि वरचे प्रोग्राम बदलले : २००५मध्ये ओपनऑफिस, पुढच्या वर्षी फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. शिपायांचे हात त्यांना सरावले. मग २००८पासून खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलून उबुंटू आणली. सकाळी यंत्र उघडलं तर समोर कालचेच प्रोग्राम होते. २०१३पर्यंत ३७ हजार संगणक असे बदलले. म्युनिक शहराने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास संगणक नेले. तिथला सगळ्यात चिवट भाग होता कार्यालयीन पत्रांचे साचे, लेटरहेड आणि मॅक्रो. त्यासाठी वोलमक्स नावाचा स्वतंत्र प्रोग्राम लिहावा लागला. २०१७मध्ये नगरपालिकेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. राजकारण त्यात होतंच, पण ज्याने कुठल्याही कार्यालयात काम केलं आहे त्याला ठाऊक असतं की रोजच्या पत्राचा साचा हलला की माणूस किती वैतागतो. आपल्याकडे केरळने शाळांपासून सुरुवात केली. २००१च्या आयटी अॅट स्कूल प्रकल्पातून तिथल्या शाळा हळूहळू मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या, आणि मुलं पहिल्यापासून त्यावरच शिकत असल्याने ‘ऐवजी काय’ हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

घरच्या संगणकालाही जाँदार्मरीची रीत लागू पडते. विंडोज आहे तोवरच तिच्यावर लिबरऑफिस, गिंप, फायरफॉक्स टाकून महिनाभर वापरावेत. एका वहीत महिन्याभरात केलेली कामं लिहावीत. प्रोग्रामची नावं नकोत, कामं लिहावीत : सोसायटीची पावती छापली, पॅनकार्ड स्कॅन केलं, कीर्तनाची पत्रिका केली, डिजिटल सहीचं टोकन लावून विवरण भरलं. मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून ही यादी एकेक करून पाहावी. छापयंत्र आणि सहीचं टोकन आधी तपासावं, कारण अडतं ते बहुतेक तिथेच. यादी पार पडल्याशिवाय हार्डडिस्कला हात लावू नये.

आणि मजकूर बदलून झाल्यावर एक शेवटची तपासणी उरतेच. मराठीचा तो ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. कन्व्हर्टर बहुधा एक रीत वापरतो, नवा कीबोर्ड दुसरी. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच. साताऱ्याकडच्या एखाद्या संस्थेच्या अहवालात जुन्या पानांवर ‘कर्‍हाड’ असतं, नव्या पानांवर ‘कऱ्हाड’, आणि शोध घेतला की निम्मीच कऱ्हाडं सापडतात. लिबरऑफिसच्या शोधा-आणि-बदला खिडकीत वरच्या चौकटीत जुनं कऱ्हाड चिकटवायचं, खालच्या चौकटीत नवं टाइप करायचं, ‘सर्व बदला’ दाबायचं. डोळ्यांना पानावर काहीच हललेलं दिसत नाही. खाली फक्त एक आकडा येतो, किती ठिकाणी बदल झाला त्याचा, आणि त्यानंतर शोध घेतला की सगळी कऱ्हाडं एका रांगेत उभी राहतात.